वीस हजारांत घरचा कॉम्प्युटर बदलायचा, तर आधी भिंतीतला प्लग पाहा

दारव्हा तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय. घरी २०१३ साली घेतलेला कॉम्प्युटर आहे. इंटेलचा आय-थ्री प्रोसेसर, तिसऱ्या पिढीचा, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात आणि क्रोममध्ये दोन-तीन टॅब उघडले की माउस जागचा हलत नाही. मुलगी यवतमाळला बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, एसटीने ये-जा करते. वहिनी बचत गटाच्या सचिव, गटाचे हिशेब एक्सेलमध्ये. भाऊ स्वतः सातबारा, पीक विमा, महाडीबीटीचे अर्ज घरूनच भरतात. बजेट वीस हजार, ओढूनताणून बावीस. दुकानदार म्हणतो नवीन घ्या, भाचा म्हणतो एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाका, चालेल अजून पाच वर्षं. आणि प्रश्नाच्या शेवटी जाता जाता एक ओळ: ‘दोन वर्षांत तीनदा एसएमपीएस उडाला, तेवढा बदलून घेतला.’

भाऊ, मला विचाराल तर खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. मशीन हळू चालते तो हार्ड डिस्कचा आजार, त्याला औषध आहे. पण एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा, पुन्हा पुन्हा जातो म्हणजे तुमच्या घरची लाइन मशीन खातेय, आणि त्याच लाइनीवर नवीन आणून ठेवलं तर तेही खाणार. माझं तालुक्याच्या गावी दुरुस्तीचं दुकान आहे. खेड्यातून येणारी मशीनं म्हातारपणाने कमी आणि लाइटीने जास्त मरतात, हे मी रोज पाहतो. म्हणून वीसातले चार हजार मी आधीच बाजूला काढून ठेवीन आणि मशीन सोळा हजारांत शोधीन. ते चार हजार कशाला, ते पुढे सांगतो. आधी भाच्याचं म्हणणं तपासू, कारण तो अगदीच चुकीचं बोलत नाही.

मशीन सुरू झालं की टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कच्या रकान्याकडे बघा. तो आकडा शंभर टक्क्यांवर चिकटून बसला असेल आणि सीपीयू मात्र वीस-तीस टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहतोय. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुईसारखं हेड जागा शोधत हिंडतं. इकडची-तिकडची बारीक माहिती वाचायची म्हटलं तर सेकंदाला शंभरेक फेऱ्यांत तिचा दम निघतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती हेच काम सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने करते. त्या काळच्या एच-६१ चिपच्या मदरबोर्डावर साटा पोर्टचा, म्हणजे डिस्क जोडायच्या जागेचा, वेग आजच्या निम्माच असतो, तरीही दहा मिनिटांचं सुरू होणं मिनिटभराच्या आत येतं. घ्यायची झाली तर अडीच इंची साटा एसएसडी घ्या. एम-डॉट-टू नावाची पट्टीसारखी एसएसडी त्या बोर्डावर बसत नाही. रॅम डीडीआर-थ्री लागेल, ती जुन्या बाजारात मिळते.

मग तेवढंच करून मोकळं का होऊ नये? दोन कारणं आहेत. एक, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी केली तर घरगुती मशीनला ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, पण ती मुदतवाढ आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो. तुमची तिसरी पिढी त्यात बसत नाही. अट चुकवून विंडोज ११ चढवून देणारे आमच्या धंद्यात भरपूर आहेत आणि ते चालतंही. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनच्या अपडेटची हमी घेत नाही आणि दरवर्षीचं मोठं अपडेट पुन्हा खटपट करून हातानेच चढवावं लागतं. ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड आणि घरच्यांचं आधार आहे, तिथे मी ते करून देत नाही.

दुसरं कारण तुमच्याच घरातलं. तीन झटके खाल्लेला बोर्ड आतून कसा आहे ते बघायला हवं. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढा आणि प्रोसेसरच्या आसपासचे नळकांडीसारखे उभे कपॅसिटर बघा. त्यांचं डोकं सपाट असायला पाहिजे. डोकं फुगलेलं असेल किंवा वर तपकिरी खरपुडी आली असेल, तर त्या बोर्डावर रुपयाही घालू नका. सगळं सपाट असेल आणि पैशाची खरंच ओढ असेल, कापूस विकल्यावर बघू म्हणत असाल, तर एसएसडी टाकून वर्षभर काढा. तो पैसा वाया जात नाही, तीच एसएसडी उद्या पुढच्या मशीनला लागते.

जाता जाता, या वयाच्या मशीनला एक हमखास दुखणं असतं. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपतो, लाइट गेली की तारीख मागे जाते, आणि मग बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडतच नाही. लोक व्हायरस समजून मशीन घेऊन येतात. सीआर २०३२ नावाचा सेल येतो, पन्नासेक रुपयांत. एवढ्यासाठी नवीन मशीन घेतलेलेही मला माहीत आहेत.

आता विकत घ्यायचं. वीस हजारांत तीन प्रकारचा माल तुमच्यासमोर येईल.

पहिला ऑनलाइन दिसणारा ‘नवा’ सेट. आय-फाइव्ह किंवा आय-सेव्हन, सोळा जीबी, पाचशे बारा जीबी एसएसडी, बावीस इंची स्क्रीन, रंगीत दिव्यांचा कॅबिनेट, आणि किंमत ऐकून वाटतं लॉटरी लागली. यात कॅबिनेट नवा असतो, बोर्ड एच-६१ चा नव्याने बनवलेला असतो आणि प्रोसेसर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा, वापरून काढलेला. म्हणजे जे तुमच्या घरी आहे तेच दिवे लावून परत येणार. आय-सेव्हन लिहिलंय म्हणून भुलू नका, त्यापुढचा आकडा वाचा. ‘आय-फाइव्ह ८५००’ मधला आठ म्हणजे आठवी पिढी. ‘आय-सेव्हन ३७७०’ म्हणजे तिसरी. जाहिरातीत हा आकडा लिहिलेलाच नसेल, तर तो मुद्दाम लिहिलेला नाही असं धरून चला.

दुसरा, कंपनीचा सगळ्यात स्वस्त नवा लॅपटॉप. पेटी बंद, वॉरंटी वर्षभराची. पण या किमतीत प्रोसेसर सेलेरॉनच्या, म्हणजे कमी ताकदीच्या, वर्गातला येतो, आणि बऱ्याच मॉडेलांत रॅम बोर्डालाच डाग दिलेली असते, वाढवता येत नाही. मुलगी बीसीए करणार, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला तिला जावा, डेटाबेस, एखादा जड एडिटर लागेल. तिथे हा लॅपटॉप दम टाकतो.

तिसरा म्हणजे मोठ्या ऑफिसांनी भाड्याची किंवा वापराची मुदत संपल्यावर काढून टाकलेला कंपनीचा माल, ज्याला बाजारात रिफर्बिश्ड म्हणतात. माझं मत याच्याच बाजूने आहे. डेलचे ऑप्टिप्लेक्स ३०६०, ५०६०, ७०६०, एचपीचे एलिटडेस्क ८०० जी-फोर, लेनोवोचे थिंकसेंटर एम-७२०, हे सगळे आठव्या पिढीचे, विंडोज ११ च्या अटीत बसणारे. यांच्या आधीची भावंडं अगदी सारखी दिसतात. एचपीचा जी-थ्री किंवा डेलचा ७०५० समोर ठेवून ‘भाऊ, एकच आहे’ म्हणणारे भेटतील. एकच नाही, ते सातव्या पिढीपर्यंतचे आहेत. आठवी पिढी, आठ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी एवढं तेरा ते सोळा हजारांच्या दरम्यान मिळायला हवं. भाव हलते आहेत हे धरून चला: २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी महागल्या आहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे जातोय. म्हणून ‘आता चार जीबी घेऊन ठेवा, पुढे वाढवू’ हा सल्ला सध्या ऐकू नका. रॅम मशीनसोबतच घासाघीस करून घ्या.

नागपूरला सीताबर्डीत किंवा अमरावतीला असा माल मिळतो. यवतमाळातही विचारा, कारण बिघडला तर न्यायचा कुठे, हा हिशेब किमतीत धरायचा असतो. पाचशे रुपये वाचवायला दूरचं दुकान गाठलं आणि पुढे दोनदा गाडीभाडं घालून जावं लागलं तर काय कमावलं? पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या. सहा महिन्यांच्या खाली मी घेणार नाही.

दुकानात उभं राहून काय बघायचं? मशीन सुरू करून सेटिंगमध्ये विंडोज अ‍ॅक्टिव्हेट आहे का बघा. या कंपन्यांच्या मशीनला बहुतेक वेळा मूळ परवाना बोर्डातच असतो, तरी काही दुकानदार सगळ्यांना एकच चोरीची कॉपी मारत सुटतात, वर अ‍ॅक्टिव्हेशनचं कसलंसं टूल टाकून ठेवतात. तसं असेल तर कोरं विंडोज ११ टाकून मागा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा. एसएसडी किती तास चालली आणि किती टक्के शाबूत आहे ते दाखवतं. मग यूट्यूबवर एखादा व्हिडिओ लावून मशीन पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, चहा पिऊन या. पंखा केकाटत असेल किंवा मशीन आपोआप बंद पडलं असेल, तर दुसरं दाखवा म्हणा. मागचे सगळे यूएसबी पोर्ट माउस लावून तपासा, संकोच करू नका.

लॅपटॉप की डेस्कटॉप हे मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहे. मुलगी सध्या ये-जा करते. पुढच्या वर्षी होस्टेलला जाणार असेल तर डेस्कटॉप घरी राहील आणि तिला पुन्हा लॅपटॉप घ्यावा लागेल, मग आत्ताच आठव्या पिढीचा जुना लॅपटॉप बघा. थिंकपॅड टी-४८०, लॅटिट्यूड ५४९०, एलिटबुक ८४० जी-फाइव्ह हे त्यातले दणकट. लॅपटॉपचा आणखी एक फायदा खेड्यातच कळतो: त्याचा अ‍ॅडॅप्टर शंभर ते दोनशे चाळीस व्होल्टपर्यंत काहीही खातो, आणि लाइट गेली तरी काम थांबत नाही. तोटा बॅटरीचा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी दमलेली असतेच, ती बदलायचे पैसे धरून भाव करा. पण तिघांनी एकच लॅपटॉप वापरायचा म्हणजे संध्याकाळी घरात तंटा. अर्ज भरायचे दिवस आणि मुलीची परीक्षा नेमकी एकत्र येते. मुलगी घरीच राहणार असेल तर मी डेस्कटॉप घेईन. तुमची जुनी स्क्रीन, कीबोर्ड, प्रिंटर कामी येतात आणि दुरुस्ती स्वस्त पडते. डेस्कटॉपमध्येही पुस्तकाएवढा छोटा प्रकार मिळतो, तोही लॅपटॉपसारख्या अ‍ॅडॅप्टरवर चालतो. ज्या गावात व्होल्टेज पडतं तिथे मी आताशा तोच सुचवतो. अ‍ॅडॅप्टर जळाला तर दुसरा लगेच मिळतो. मोठ्या ऑप्टिप्लेक्स किंवा एलिटडेस्कचा एसएमपीएस मात्र त्याच कंपनीच्या मापाचा लागतो, बाजारातला साधा त्यात बसत नाही. तुमच्या घरी एसएमपीएस उडायचा इतिहास आहे, तेव्हा हे ध्यानात घ्या.

आता ते चार हजार.

गावातल्या लाइटीचे तीन त्रास आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. पहिला, रब्बीत हरभऱ्याला-गव्हाला पाणी सुरू झालं की व्होल्टेज पडतं, बल्ब पिवळा होतो. आणि लाइट येते तेव्हा एकदम उसळी मारून येते. याला यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी बॅटरीवर थोडा वेळ मशीन चालवणारा डबा, लागतो. ६०० व्हीएचा, आत व्होल्टेज सांभाळणारा, साधारण १४५ ते २९० व्होल्टपर्यंत तग धरणारा घ्या. असा साधा ऑफिस-मशीन आणि एलईडी स्क्रीन मिळून शंभर वॉटच्या आतच खातात, तेव्हा पंधरा-वीस मिनिटं मिळतात. फाइल सेव्ह करून बंद करायला ती पुरतात. प्रिंटर यूपीएसवर लावू नका. लेझर प्रिंटरचा हीटर काही शे वॉट ओढतो, यूपीएस ओरडून बंद पडतो. यूपीएस टिनाखालच्या फळीवरही ठेवू नका. आतली लेड-अ‍ॅसिड बॅटरी पंचवीस अंशांना जेवढी टिकते, त्यावर दर दहा अंश वाढले की तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात काय होत असेल ते बघा. खाली, भिंतीच्या सावलीत ठेवा. आणखी एक, काही कंपनी-मशीनांचे एसएमपीएस स्वस्त यूपीएसशी जमवून घेत नाहीत, लाइट गेल्या क्षणी मशीन बंदच पडतं. म्हणून मशीन आणि यूपीएस एकाच दुकानातून घ्या, तिथेच जोडून भिंतीतला प्लग ओढून बघा.

दुसरा त्रास न्यूट्रल तुटण्याचा. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) येणारा न्यूट्रल सैल झाला की ज्या घरावर भार कमी, तिथे २३० च्या जागी ३०० ते ४०० व्होल्टसुद्धा येतात. पंखे जोरात फिरतात, बल्ब पांढरेफटक होतात आणि पटापट उडतात. एका वेळी गल्लीतल्या तीन-चार टीव्ही माझ्याकडे येतात, तेव्हा मी समजून जातो. तुमचे एसएमपीएस गेले त्या दिवशी शेजाऱ्यांचंही काही जळलं होतं का, हे आठवून बघा. जळलं असेल तर दोष घरात नाही, वायरमनला सांगून डीपीवरचं आणि खांबावरचं न्यूट्रलचं जोड घट्ट करून घ्या. घरात मेन स्विचपाशी जास्त व्होल्टेजला तोडणारं उपकरण बसवता येतं. वायरिंग करणाऱ्याला विचारा. स्पाइक गार्ड नावाची पट्टी इथे कामाची नाही, तिचा जीव क्षणभराच्या झटक्यापुरता असतो.

तिसरं अर्थिंग, आणि याकडे कोणी बघतच नाही. कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या येतात का? टेस्टर लावला तर दिवा मिणमिणतो का? एसएमपीएसच्या आत फिल्टरचे बारीक कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की ते पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज आणून ठेवतात. करंट अगदी थोडा असतो, पण स्क्रीनची केबल किंवा पेन ड्राइव्ह लावताना पोर्ट जळायला पुरतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, रॉडभोवती पोकळी पडते आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये नावाला उरतं. रॉड नहाणीच्या सांडपाण्याजवळ, ओल राहते तिथे ठोका, उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी घाला. ‘अर्थिंगची तार न्यूट्रललाच जोडून देतो’ म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. वर सांगितलेला न्यूट्रल तुटला की मशीनचा अख्खा पत्रा जिवंत होतो. तुमच्या घरी लेकरं हात लावतात.

विजांसाठी मात्र कुठलंच यंत्र पुरत नाही. जूनच्या सुरुवातीला कडकडाट सुरू झाला की प्लग काढायचा, इंटरनेटच्या राउटरचाही काढायचा आणि राउटरपासून मशीनला गेलेली लॅन केबलही. फायबर वीज वाहत नाही, पण राउटरचा अ‍ॅडॅप्टर आणि तांब्याची केबल वाहते.

कापूस ज्या खोलीत ढीग घालून ठेवता तिथे मशीन ठेवू नका, हेही सांगून ठेवतो. दिवाळीनंतर येणाऱ्या मशीनांच्या पंख्यावर मला तंतूंची अक्षरशः गादी सापडते. खाली धातूच्या पात्यांत हवा जायला जागाच नसते, मशीन तापून बंद पडतं आणि लोक म्हणतात प्रोसेसर गेला. तीन-चार महिन्यांनी ब्लोअर मारला की झालं, पंखा मात्र बोटाने धरून ठेवायचा. कुलरच्या झोतासमोरही ठेवू नका.

बारीकसारीक खर्च थोडक्यात. तुमच्या जुन्या स्क्रीनला निळा व्हीजीए प्लग असेल आणि या मशीनांना बहुधा डिस्प्लेपोर्ट असतो, तेव्हा कन्व्हर्टर दुकानातूनच मागून घ्या. वायफाय बहुतेकांत नसतं. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचं नेट मशीनला देणं) सुरू केलं तर डोंगलशिवाय भागतं, आणि फोन चार्जही होतो. विंडोज नकोच, लिनक्स टाकू असं कोणी सुचवेल. लिनक्स मिंट जुन्या मशीनवर छान चालतं, पण तुमच्याकडे आपल्या भागात घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० असेल तर तो लिनक्सवर तुमचा अंत पाहील. बोटाचे ठसे घेणारं यंत्र लावायचं असेल तरी विंडोजच ठेवा.

जुन्या मशीनमधली हार्ड डिस्क भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यात घरातल्या सगळ्यांचे आधार, पासबुकाचे फोटो, गटाचे हिशेब आहेत. नवीन मशीन यायच्या आधी वहिनींच्या एक्सेलच्या फाइली पेन ड्राइव्हवर आणि गुगल ड्राइव्हवर घ्या. गटाचा हिशेब गेला तर मशीनपेक्षा महाग पडेल. मग ती डिस्क काढून साडेतीन इंची डिस्कच्या, स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेल्या यूएसबीच्या केसमध्ये घाला, बॅकअपची सोय होते. महिन्यातून एकदा लावायची, फाइली उतरवायच्या, काढून कपाटात.

मशीन पसंत पडलं की पैसे देण्याआधी तीन गोष्टी इथे कळवा: प्रोसेसरचा पूर्ण आकडा, मागच्या स्टिकरवरचं मॉडेल, आणि दुकानदार बिलावर किती महिन्यांची वॉरंटी लिहून देतोय. आणि घरी मल्टिमीटरवाला येईल तेव्हा संध्याकाळी सात-साडेसातला, सगळ्यांचे दिवे लागलेले असताना, प्लगमधलं व्होल्टेज मोजून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थिंग, दोन्ही. दोन आकड्यांत दहा-वीस व्होल्टपेक्षा जास्त तफावत निघाली, तर मशीन आठवडाभर थांबू द्या आणि आधी वायरमनकडे जा.